सुहासचा मग

सत्तावीस वर्षं ह्यांनी ज्या बारमध्ये काढली, तिथे मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते हे गेल्यावर दोन महिन्यांनी. तेही, हॉटेल रविवारी पाडणार म्हणून. मॅनेजर सफाचा फोन आला, "आंटी, सुरेशभाई की एक चीज़ है. आज आ जाइए, फिर खलास."

बर दुबईतलं ते जुनं हॉटेल आमच्या करामा भागातल्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. पण नवरा बारमन आहे हे सांगायची मला लाज वाटायची. गणपतीत जमणाऱ्या बायकांना मी छातीठोकपणे सांगायची, हे हॉटेलात अकाउंट्स बघतात. हे शेजारी उभे राहून मुकाट मान डोलवायचे. कामावरून आले की आधी आंघोळ, मगच देवाला हात, हा माझा नियम. त्यांनी स्वतः आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, तरी. एकदाच म्हणाले, "सुहास, ये ना एकदा. नुसता सोडा पी." मी फाडकन म्हटलं, "गुत्त्यात यायला मी कोण वाटले तुम्हाला?" पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

मुलगी मिहिका बरोबर होती. हॉटेलची वीज, पाणी सगळं तोडलेलं. मोबाईलच्या उजेडात आत शिरलो. बुटकं छत, काळे वासे आणि चक्क दगडी शेकोटी. दुबईत शेकोटी! उंटाला स्वेटर घालावा तसं. सफाने सांगितलं, पहिला मालक स्कॉटलंडमधल्या एका बेटावरचा. त्याच्या गावात दोनशे वर्षांची सराई होती, वर उतरायच्या खोल्या आणि खाली बार. त्या आठवणीने त्याने हा बार तसाच बांधला. तिथली एक रीतही आणली. गावचा कुणी समुद्रावर गेला की त्याचा मग बारवरच्या हुकाला टांगून ठेवायचा. दुसऱ्याने त्यात प्यायचं नाही. तो माणूस परत येऊन त्यातून प्याला की मगच तो हुकावरून उतरवायचा.

बाकी सगळे हुक रिकामे होते. एकावर पांढरा मग होता. त्यावर ह्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, सुहास.

"रोज पोंछते थे," सफा म्हणाली. "मैंने पूछा, ये कौन है, समंदर पर है क्या? बोले, नहीं, करामा में है. आएगी, इन्शाल्ला."

मी समोरच्या उंच स्टुलावर बसले.

"मम्मा, आर यू ओके? लेट्स जस्ट टेक इट होम."

"गप्प बस," मी खेकसले. "तुझ्या बाटलीतलं पाणी ओत ह्यात."

घरी मी त्यांना सत्तावीस वर्षं वाढलं. इथे त्यांना एकदा मला काहीतरी द्यायचं होतं, एवढंच. त्यासाठी दहा मिनिटं लागली असती. काउंटरच्या पलीकडे, जिथे ते उभे राहायचे, तिथे फरशी झिजली होती. मला माझ्या तोऱ्याची शिसारी आली. गाडीत तापलेलं ते कोमट पाणी मी तिथे बघत शेवटच्या घोटापर्यंत प्याले.

सफाने डोळे पुसले. "अब ले जाइए, आंटी. अब उतार सकते हैं."

मी तिच्याकडे मार्कर मागितला. हातातला मग फिरवला आणि मागच्या बाजूला लिहिलं, सुरेश. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. अक्षर वाकडं आलं. मग पुन्हा हुकाला अडकवला.

"बट मम्मा, दे विल ब्रेक एव्हरीथिंग ऑन संडे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "तोवर मला वाट बघू दे."