खालचा वर्ग

"तिला खालच्या वर्गात बसवा," कोळपे गुरुजी म्हणाले.

खिडकीमागच्या सुलक्षणा मॅडमनी संगणकावरून मान वर केली. पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात त्यांची सोळा वर्षं गेली होती. आमच्या मुलाला वरच्या वर्गात घ्या म्हणून हटून बसणारे पालक त्यांनी ढिगाने पाहिले होते. खाली बसवा म्हणून हात जोडणारा माणूस आज पहिलाच.

"कुणाला?"

"प्रतिभा सार्थक कोळपे. माझी सून हाय. इटालियनच्या तिसऱ्या पातळीला घातलंय तिला. तिला पहिलीत घ्या."

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेला हा माणूस. एकट्या निमोण्याच्या शाळेतून त्यांनी एकतीस पोरं शिष्यवृत्तीच्या यादीत नेऊन बसवली होती. गुरुजींना शिकवता किती येत होतं ते देव जाणे, पण पेपर सोडवून घेण्यात त्यांचा हात धरणारा शिरूर तालुक्यात कोणी नव्हता. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. उत्तर येत नसलं तर चारातले दोन पर्याय आधी खोडायचे, उरलेल्या दोहोंतला एक ठोकून द्यायचा आणि पुढे जायचं. असल्या युक्त्यांवर पोरं वर चढत गेली, आणि पोरांबरोबर गुरुजीही.

सार्थक त्यांचा एकुलता एक. रांजणगावच्या बाजूला एका इटालियन कंपनीच्या कारखान्यात होता. दोन वर्षांपूर्वी सेकंड शिफ्टला निघालेला असताना हायवेवर ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. गुरुजींची बायको आधीच गेलेली. शिरूरच्या त्या तीन खोल्यांत सासरा आणि सून अशी दोनच माणसं उरली आणि दोघांनीही बोलणं टाकलं. दौंडहून प्रतिभाच्या भावाचा, म्हस्कूचा, पंधरा दिवसाला फोन यायचा. आता तिथं काय ठेवलंय तुझं, निघून ये. ती म्हणायची, मामांकडं कोण बघंल? सासऱ्याला ती मामा म्हणायची, तिच्याकडे तीच पद्धत.

मग यंदा फेब्रुवारीत कंपनीतले एक साहेब घरी आले. इटलीहून येणारे कागद बघायला ऑफिसात माणूस हवा होता. "ताई पदवीधर आहेत. भाषेच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन पातळ्या पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत पुऱ्या केल्या, तर ती खुर्ची त्यांचीच," असं ते चहा पिता पिता म्हणाले. साहेब गेल्यावर गुरुजी कितीतरी वेळ ओट्यावर बसून होते. मग आत येऊन म्हणाले, "परीक्षा हाय म्हणत्यात प्रवेशाला. चल, बसू आपण अभ्यासाला."

एसटी स्टँडजवळ सायबर चालवणारा बन्सी त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने कुठून कुठून सहा वर्षांचे जुने पेपर उत्तरांसकट काढून दिले. मार्चपासून रोज चार ते सहा स्वयंपाकघरात शाळा भरू लागली. गुरुजींना इटालियनचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांना त्याची गरजही वाटली नाही. प्रतिभाने वाक्य मोठ्याने वाचायचं, पर्याय सांगायचा, गुरुजींनी उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून बरोबर का चूक ते सांगायचं. पोरीची स्मरणशक्ती मुळातच पक्की. चार वाजायच्या आत गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून तयार असायचे, घरातल्या घरात. सार्थक गेल्यापासून त्या घरात कुणी कुणाला शाबास म्हटलं नव्हतं, ते आता रोज ऐकू येऊ लागलं.

परीक्षेत बरेचसे प्रश्न जुन्या पेपरांतलेच आले आणि जुलैत निकाल लागला. पहिली नाही, दुसरी नाही, एकदम तिसरी पातळी. गुरुजींनी स्टँडवर ओळखीच्या प्रत्येकाला पेढा दिला. शाळेतल्या एकतीस पोरांनंतर ही बत्तिसावी, असं ते अभिमानाने सांगत होते.

मंगळवार, गुरुवार, शनिवार असे वर्ग असत. प्रतिभा सकाळच्या गाडीने पुण्याला जायची आणि संध्याकाळी परत यायची. चहा ठेवता ठेवता गुरुजी विचारायचे, "आज काय शिकवलं?" ती एखादं वाक्य म्हणून दाखवायची. गुरुजींना अर्थ कळत नसे, तरी कान तृप्त होत. असे सात आठवडे गेले.

गेल्या गुरुवारी तिने वाक्य म्हटलं आणि गुरुजींचा कप हातातच राहिला. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. चौथा पेपर, सतरावा प्रश्न, तिसरा पर्याय. "आणखी एखादं म्हण की," ते म्हणाले. तिने म्हटलं. दुसरा पेपर, बाविसावा प्रश्न. सात आठवड्यांत पोरीने नवीन असं एकही वाक्य घरी आणलेलं नव्हतं. सोमवारी, पेन्शनचं काम आहे असं सांगून, ते एकटेच पुण्याच्या गाडीत बसले.

सुलक्षणा मॅडमनी आता हजेरीचा कागद पुढे सरकवला. सुरुवातीच्या दोन आठवड्यांच्या सह्या होत्या. पुढे सगळं कोरं.

"मला आठवतात त्या," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तिसरीच्या वर्गात सगळं इटालियनमध्येच चालतं. पहिल्या दिवशी बाईंनी नाव-गाव विचारलं, तर यांना काहीच बोलता येईना. हल्ली त्या जिन्याखालच्या बाकावर बसलेल्या असतात. वर्ग सुटला की निघून जातात."

गुरुजींनी कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवलं. शिरूरहून पुणे, पुण्याहून शिरूर, आठवड्यातून तीनदा, आणि मधले तास जिन्याखाली. घरी येऊन पुन्हा हसतमुखाने चहाला बसायचं.

"तर मग पहिलीत बसवा ना. नुसती खाली तर आणायची हाय."

"बदल पहिल्या दहा दिवसांतच होतो, गुरुजी. पहिलीच्या जागा भरल्या. आता पुढच्या जुलैतच."

"पुढच्या जुलैत चालत न्हाई. जूनच्या आत दोन पातळ्या व्हायला पाह्यजेत. तिच्या नोकरीचा प्रश्न हाय."

मॅडमनी फाइल काढली. अर्ज गुरुजींच्याच वळणदार अक्षरात भरलेला होता. एका चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. "इथं बघा. भाषा अजिबात येत नसेल तर एवढी खूण करायची. मग परीक्षाच नसते, थेट पहिलीत प्रवेश. ही परीक्षा पास-नापासाची नाहीच. कुणाला कुठं बसवायचं ते कळावं म्हणून असते. येत नसेल ते कोरं सोडा, असं पेपरावर छापलेलंही असतं."

गुरुजींनी ती चौकट तेव्हाही वाचली होती. पण विद्यापीठाच्या कागदावर आपल्या हाताने मला काही येत नाही असं कोण लिहून देतं? ती चौकट त्यांनी ठसठशीत रेघ मारून खोडली होती. जुन्या पेपरांवरची कोरं सोडा ही सूचना तर त्यांनी प्रतिभाला वाचूसुद्धा दिली नव्हती.

"मी लिहून देतो," गुरुजी म्हणाले. "पोरीला काय बी येत न्हाई. मी पाठ करून घेतलं सगळं. माझी लबाडी हाय. परीक्षा रद्द करा तिची."

"तसं लिहून दिलंत तर प्रवेशच रद्द होईल. पुढच्या वर्षीही अडचण येईल. नका लिहू."

गुरुजींनी खिशातून काढलेलं पेन परत खिशाला लावलं. मॅडमना नमस्कार केला. जाताना ते जिन्याखालचं बाक बघून आले. त्यावर कुणाचा तरी रिकामा पाण्याचा पेला होता.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रतिभा भाकरी थापत होती. गुरुजी चपला काढून तिथेच पाटावर बसले.

"पुण्याला जाऊन आलो. तुझ्या कालेजात."

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी तिने ती उलटली.

"चूक माझी हाय, पोरी. तुझा काय बी दोष न्हाई. आता पहिलीत घेत न्हाईत. ती खुर्ची गेली."

"व्हय," ती म्हणाली. "मला कळलं व्हतं."

"महिनाभर बाकावर बसलीस. मला का न्हाई सांगितलं?"

प्रतिभाने भाकरी उतरवून टोपलीत ठेवली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "हे गेल्यापासून तुम्ही ताटावर नुसते बसून उठायचा, मामा. अभ्यास सुरू झाला आन् तुम्ही जेवायला लागला. निकालाच्या दिवशी तर तीन भाकरी खाल्ल्या. मग कसं सांगायचं?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच गुरुजींनी एक प्रश्न कोरा सोडला.

"दादाचा फोन आलता," तिने आवाज सावरत म्हटलं. "दौंडला एका दवाखान्यात केसपेपर लिहायला बाई पाह्यजे. मी न्हाई म्हणले."

"व्हय म्हण. रविवारी मी सोडायला येतो."

"आन् तुमचं?"

"माझं काय. मला भाकरी थापता येती."

येत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. प्रतिभाने पदराने डोळे पुसले आणि ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास ढकलत गुरुजींनी ताट स्वच्छ केलं. ती समोरच बसून बघत होती. मग त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.