उंबऱ्याबाहेरची वायर

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो या घरात शब्दशः होता. नवराबायको दोघेही लोकांच्या छतांवर सोलर बसवायचे. तो वर पॅनेल कसायचा, ती खाली सगळं वायरिंग करायची. आणि यांच्या स्वतःच्या घरात लाईट गेली की घामाच्या धारा!

अखेर एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी आपल्याही छतावर पॅनेल चढवली. हौसेने नव्हे, नाइलाजाने. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पंखा थांबला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पॅनेल बसली, बॅटरी आणि इन्व्हर्टरही बसला. राहिला फक्त चेंजओव्हर स्विच. घराला एका वेळी एकच वीज मिळावी, खांबावरची नाहीतर छतावरची, आणि छतावरची वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत जाऊ नये, म्हणून तो लावायचा असतो. गिऱ्हाइकाच्या घरी तो लावल्याशिवाय या दोघांनी कधी पाय बाहेर टाकला नव्हता.

"उद्या लावू गं. आता हात वर होत नाहीत," तो म्हणाला.

"लावा उद्या. माझीही कंबर मोडलीय," ती म्हणाली.

तोवर त्याने जुगाड केला. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर घेतली, एक टोक इन्व्हर्टरला, दुसरं स्वयंपाकघरातल्या सॉकेटला. सगळं घर चालू! फक्त लाईट गेल्यावर आधी मीटरजवळचा मेन स्विच हाताने खाली करायचा आणि मगच प्लग लावायचा. विसरलं तर वीज थेट खांबावर. दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं.

तो उद्या काही उगवला नाही. दुसऱ्यांच्या छतांवरून घरी यायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि आडवं व्हायचं. बोलायचंही त्राण उरत नव्हतं. सुरुवातीला तो विचारायचा, "मेन खाली केलास?" ती म्हणायची, "केला." मग तेही थांबलं. इतक्या वर्षांच्या संसारात रोज काय विचारायचं? एकाने केला असणार, असं दुसऱ्याने धरून चालायचं.

एका दुपारी लाईट गेली. सासूबाई कण्हू लागल्या. तो ताटावरून उठला आणि प्लग लावला. मेन तिने खाली केला असेल, असं त्याने धरलं. ती सासूबाईंना पाणी पाजत होती. मेन त्याने केला असेल, असं तिने धरलं. पंखा फिरू लागला.

एवढ्यात शेजारच्या काकू हसत दारात आल्या. "अगं, तुमच्या सोलरचे उपकार हो! आमच्याकडेही दिवा लागला. मिणमिणतोय, पण लागला. नाहीतर तो दुरुस्तीला आलेला वायरमन, अजून खांबावरच लोंबकळतोय!"

तिच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"अहो, मेन!" ती किंचाळली आणि धावत जाऊन तिने इन्व्हर्टर बंद केला. तो अनवाणीच बाहेर पळाला. खांबाखाली पोचल्यावर वर बघायची त्याची हिंमत होईना.

वायरमन वर होता. जिवंत होता! त्याच्या हातात टेस्टर होता.

तो सावकाश खाली उतरला आणि त्यांच्या पायरीवर येऊन बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं दोघांनाही वाटलं.

"दमलो होतो हो," नवरा कसाबसा म्हणाला. "ध्यानात नाही राहिलं."

"मीही दमलोय, दादा. आजचा हा कितवा खांब, ते आठवत नाही. फ्यूज मीच काढला होता, म्हणजे तारेत वीज नाही हे मला माहीत होतं. टेस्टर लावायचाही कंटाळा आला होता. सवयीने हात टेस्टरकडे गेला म्हणून वाचलो. तुम्ही दमलेले, मी दमलेला. मग शुद्धीवर राहायचं कोणी?"

"आईला पंख्याशिवाय..."

"आईला वारा हवाच. माझ्याही घरी आई आहे. स्विच लावा आणि दिवसभर वारा घ्या. पण माझ्या जिवावर नको."

नवऱ्याची मान खाली गेली. "लोकांना मीच बजावतो, स्विचशिवाय वीज सुरू करायची नाही. आणि माझ्याच घरात..."

ती आत गेली, पक्कड घेऊन आली आणि सगळ्यांसमोर त्या दोन प्लगांच्या वायरचे तुकडे केले. "उद्या नाही. आत्ता!" ती म्हणाली.

गिऱ्हाइकासाठी आणलेला स्विच त्याने पिशवीतून काढला. ती पुठ्ठ्याने सासूबाईंना वारा घालत बसली. वायरमन पुन्हा चढायला निघाला.

"मेन खाली आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे," नवरा म्हणाला. तरीही तिने पुठ्ठा काकूंच्या हातात दिला, मीटरजवळ जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि वायरमन उतरेपर्यंत तिथून हलली नाही.

वाचकहो, थकवा कोणाला चुकलाय? दमल्या जिवाला एखादं काम उद्यावर टाकावंसं वाटतं, त्यात नवल नाही. पण ज्या कामावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, ते उद्यावर टाकायचा हक्क आपल्याला नाही. आपल्या घरातली वायर उंबऱ्याशी संपत नाही. तिच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी हात लावून उभा असतो, आणि त्याचीही घरी कोणीतरी वाट बघत असतं.