चौथ्या दगडाची खोळ

प्रिस्किलाने फोनवर दिलेला शब्द ठाण्याहून गाडीने येऊन आता तिच्यासमोर शेताच्या बांधावर उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी, वय शहात्तर. दानियल किहीमकर.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

नंदुरबारहून नवापूरकडे जाणाऱ्या रुळांच्या कडेला, तुरीच्या शेतालगत चार दगड उभे होते. रेल्वे नवी असताना कामासाठी आलेल्या बेने इस्रायली कुटुंबांच्या या कबरी. प्रिस्किला नवापूरची, ख्रिस्ती, भूशास्त्र शिकलेली. जुन्या यहुदी दफनभूमींची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेसाठी ती महिनाभर इथे येत होती. दगडाचा प्रकार, भेगा, शेवाळ, सगळं टिपायचं आणि तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं वाचायची. हिब्रूखाली मराठी मजकूर असे, त्यामुळे तीन दगडांवरची नावं तिला लागली. दानियलकाका आजोबांची कबर शोधत होते, पण त्या तीन नावांत आजोबा नव्हते. म्हणून तिने फोनवर सांगून टाकलं होतं, "काका, उरला तो तुमच्या आजोबांचाच."

तिने चौथा दगड दाखवला. काकांची काठी जागच्या जागी थांबली.

दगड नखशिखांत शेंदराने माखलेला होता. वर पांढरी गांधी टोपी, पायाशी नारळाच्या करवंट्या.

"हे काय? आमच्यात मूर्ती नाही ग, मुली. यहुदी माणसाचा देव करून ठेवलाय! आधी हे काढून टाक."

"कोन काय काढस?" तुरीतून आवाज आला. शेताची मालकीण कमलीबाई खुरपं घेऊनच बाहेर आली. "हाऊ आमना बांधना देव शे, भाऊ. सासरानं रान राखं त्यानी."

"मावशी, खाली नाव आहे. थोडंसंच खरवडू द्या," प्रिस्किला म्हणाली. ही विनंती तिने महिन्यात बऱ्याचदा केली होती.

"तुम्ही दरसाल चर्चले रंग देतस. मी कधी खरवडाले उनू का?"

प्रिस्किलाला हसू आलं. तिच्या पिशवीत शेंदूर विरघळवणारं द्रावण होतं. कमलीबाई दुपारी जेवायला घरी जाते, हेही तिला माहीत होतं. काका तिच्याकडे बघत होते. एवढ्या लांबून आलेला माणूस नाव न वाचताच परत जाणार होता, आणि त्याला बोलावलं होतं तिने. तिने पिशवीच्या बंदाला हात घातला आणि काढून घेतला.

मग तिला वेगळंच काही सुचलं. तेल-शेंदराचे थर जाड झाले की आपोआप सुटतात.

"मावशी, देवाची खोळ गळून पडते ना? तिचं काय करता?"

"नदीमा सोडतस. मांगला साली पडनी व्हती. एक तुकडा गोठामा टांगेल शे, ढोरेसले बरं ऱ्हास."

"तो बघायला मिळेल? नुसता बघायला."

कमलीबाईने दोघांना घरी नेलं. गोठ्याच्या आढ्याला फडक्यात बांधलेला ताटाएवढा तुकडा तिने स्वतःच उतरवला. प्रिस्किलाने तो उलटा केला. शेंदूर दगडाच्या अक्षरांत भरून घट्ट झाला होता. आतल्या बाजूला अक्षरं उठून आली होती, पण उलटी.

"थोडी कणीक मळून द्याल?"

"भूक लागनी का तुले?" म्हणत कमलीबाईने परात घेतली.

प्रिस्किलाने कणकेची जाड पोळी तुकड्यावर दाबली. जीवाश्मांचे ठसे तिने असेच घेतले होते. हलकेच सोडवली, तेव्हा कणकेत सुलटी मराठी अक्षरं खोल उमटली होती. काकांनी चष्मा पुसला आणि वाचलं.

"हन्नाबाई."

पुन्हा वाचलं. खाली 'हिची कबर' असंही होतं.

"काका, मी चुकले," प्रिस्किला म्हणाली. "तीन वाचले म्हणून चौथा तुमचा, असं मी ठरवूनच टाकलं. पाचवा दगड मातीखाली असेल. किंवा तुमचे आजोबा इथे नसतीलही. मला माहीत नाही."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते खाटेवर बसले.

कमलीबाईने तोंडाला पदर लावला. "म्हंजे बाई शे? आन् मी इतला साल तिले टोपी घालस!"

काका आधी दचकले, मग खांदे हलेपर्यंत हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "बिचारीकडे इतक्या वर्षांत कोणी आलं तरी असेल का?"

"मी येस ना दररोज," कमलीबाई म्हणाली.

काका काठी टेकत उठले. "चला. आमची मुख्य प्रार्थना दहा जण जमल्याशिवाय म्हणत नाहीत, पण एकट्याने म्हणता येईल अशीही एक आहे."

बांधावर आल्यावर कमलीबाईने दगडावरची टोपी काढून कमरेला खोचली. शेंदूर मात्र तसाच होता, आणि तो काढायचं कोणीच बोललं नाही. काकांनी हिब्रूतून प्रार्थना म्हटली, मधे हन्नाबाईचं नाव घेतलं. प्रार्थना संपल्यावर कमलीबाई पुढे आली.

"भाऊ, तिनं नाव परत सांगा. माले नीट म्हनता येवाले पायजे."

"हन्नाबाई."

"हन्नाबाई," ती म्हणाली, आणि प्रिस्किलाने बघितलं, काकांनी मान डोलावली.