मागलं दार

पौषात पिलेग आला अन् सगळं गाव रानात गेलं. आम्हीही मळ्यात पाल ठोकलं. सरकारी पंपवाल्यानं घराघरांतल्या उंदरांच्या बिळांत विखारी भुकटी मारली, दारं बंद केली. दुसऱ्या दिवशी बाहेरून दारं उघडून म्हणाला, "मावशी, पुढलं-मागलं दोन्ही सताड ऱ्हाऊ द्या. वारा आरपार गेल्याबिगर इखार निघायचा न्हाई. कडू बदामाचा वास हाय तवर आत पाय टाकू नका."

"माझ्याच घरात मलाच मनाई व्हय रं?" मी म्हणाले. पण ऐकलं. कारण सून बनू पालात कळा देत होती अन् तिथली थंडी हाडं फोडत होती. बाळंतपण घरातच, चुलीच्या उबेला व्हायला हवं होतं.

दिवस कलला तरी वास होताच. दिवेलागणीला धाकटी जाऊ झुंबर पालातनं परसात धावत आली. "आक्का, मागलं दार लावा! लक्ष्मी पुढून येती न् मागून निघून जाती."

लग्न होऊन आल्यापासून या वेळेला ते दार मी कधी उघडं ठेवलं नव्हतं. हात आपसूक कडीकडं गेला. मग बनूचा पांढराफटक चेहरा डोळ्यांपुढं आला. हात मागं घेतला.

"लक्ष्मीला काय उंदरासारखी कोंडून मारू?" मी म्हणाले. "जा, सुनेजवळ बस."

दारातनं येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेतून बाजूला, शेवग्याखाली टेकले. घर उसासे टाकत होतं. पिठाचा, राखेचा, मेलेल्या सासूच्या तपकिरीचा, एकेक वास उंबरा ओलांडून चालला होता. त्यांच्यामागून हिरव्या लुगड्यातली एक बाई निघाली. जोडवी वाजली नाहीत.

"जायचं तर माझ्या अंगावरून जा," मी तिला म्हणाले. "न्हाईतर बस. मलाबी बाहेरच बसवलंय."

ती बसली. शेवग्याची फुलं दोघींच्या ओटीत पडत राहिली. चांदणं भिंतीवर चढलं. कडू वास विरत विरत गेला, नुसती थंड हवा उरली.

रात्री पंपवाला परत आला, आधी स्वतः आत फिरून आला. "न्या बाळंतिणीला, मावशी."

बाजेवर घालून बनूला पुढल्या दाराशी आणलं. हिरव्या लुगड्यातलीही माझ्याबरोबर पुढं आली होती. मी उंबऱ्यापाशी बाजेला हात लावून थांबवलं.

"आत्याबाई, आता काय?" बनू कण्हली.

"हिला आधी जाऊ दे."

झुंबर इकडंतिकडं बघू लागली. "कुणाला, आक्का?"

"तुला दिसायची न्हाई. तू दार लावाय निघाली व्हतीस."