रोज लिहावं असं वाक्य

"यातली एक ठेवा, बाकीच्या रविवारी मोरीत ओतते," असं बायकोनं जाहीर केलं तेव्हा दौतराव नवव्या बाटलीचं झाकण उघडत होते.

तिचंही चुकत नव्हतं. बरण्यांची अख्खी फळी शाईनं गिळली होती. परवा भेटायला आलेल्या मावशींनी डाळिंबी बाटली सरबत समजून तोंडाला लावली, आणि दोन दिवस त्या तोंड मिटून हसत होत्या.

"अगं, रोजच्या लिखाणाला कुठली बरी, तेवढंच ठरवतोय."

"तुमचं रोजचं लिखाण म्हणजे दूधवाल्याला चिठ्ठी! दोन वर्षं झाली ठरवताय. लग्न ठरवायला एक दुपार पुरली होती तुम्हाला."

"तेव्हा समोर एकच रंग होता," दौतराव म्हणाले, आणि बायकोनं त्यांच्यापुढचा चहा उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी ते नऊच्या नऊ बाटल्या पिशवीत घालून ऑफिसला गेले. ऑफिस कुलपांच्या कारखान्याचं. माल कुठं किती गेला ते दौतराव कॉम्प्युटरवर चढवायचे, त्यामुळे पेनाला तिथं काडीचं काम नव्हतं. पण कंपनीच्या छापील कागदावर शाई फुटत नाही, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं.

तुलना करायची तर वाक्य एकच हवं. त्यांनी 'आज हवा छान आहे' लिहून पाहिलं, पण ते पटेना. रोज कुठं छान असते हवा? रोज मनात येतं असं काहीतरी हवं. तेवढ्यात पार्टिशनपलीकडून साहेब कडाडले, "कुलपं गेली आणि किल्ल्या इथंच! कुणी पाठवली ही खोकी?"

आणि वाक्य आपोआप उतरलं: 'सदर नोकरीस मी पुरता कंटाळलो असून आजपासून राजीनामा देत आहे.'

दौतराव खूश झाले. हेच ते रोजचं लिखाण! शिवाय त्यात 'ळ' होता, आणि त्याची दोन्ही वेटोळी मोकळी राहतात का, हीच तर शाईची खरी परीक्षा. गर्द निळी, डाळिंबी, मोरपंखी, विटकरी, शेवाळी करत करत त्यांनी राखाडीपर्यंत नऊ वेळा ते वाक्य लिहिलं. सही आपण सगळ्यात जास्त करतो, म्हणून प्रत्येक ओळीखाली सही केली. आकडेही बघायला हवेत, म्हणून तारीख घातली. मग कागद वाळत ठेवून ते हात धुवायला गेले.

शिपाईमामांचा साधा हिशेब होता. सही दिसली की कागद साहेबांच्या टेबलावर.

साहेबांनी बोलावलं तेव्हा ते रुमालानं डोळे टिपत होते.

"बसा, दौतराव. राजीनामे खूप बघितले, पण असा नाही. पहिला गर्द निळा, एकदम ठाम. मग डाळिंबी, संताप नुसता! आणि शेवटी हा राखाडी. राखाडीपर्यंत माणूस विझत आलाय हो."

"साहेब, राखाडी मुळातच फिकी आहे."

"तेच म्हणतोय मी. मंजूर."

दौतराव खुर्चीतून उठलेच. "साहेब, मी शाई बघत होतो! नोकरी गेली तर बायको बाटल्यांबरोबर मलाही मोरीत ओतेल."

पण साहेब आता मोठ्या मनाच्या भरात होते. त्यांनी आस्थापना विभागाच्या बाईंना बोलावलं. बाईंनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर.

"मंजूर कुठला करू, साहेब? माणूस एक आणि राजीनामे नऊ. नऊ मंजूर केले तर नऊ जागा रिकाम्या दाखवाव्या लागतील. वरून नऊ माणसं धाडतील. बसवायची कुठं?"

"मी सगळेच मागे घेतो!" दौतराव ओरडले.

"मागे घ्यायला आधी तो दाखल व्हावा लागतो. दाखल कुठला ते ठरू दे. तोवर तुम्ही नोकरीत. जा, किल्ल्या पाठवा."

समिती बसली: साहेब, बाई आणि हिशेबनीस. साहेबांना राखाडीच हवा, कारण त्यानं त्यांना रडवलं होतं. बाई गर्द निळ्यावर अडल्या, झेरॉक्स चांगली निघते म्हणून. हिशेबनीस डावखुरे. लिहिता लिहिता त्यांचा तळवा अक्षरांवरून फिरायचा, त्यामुळे झटकन वाळेल तोच राजीनामा खरा, असं त्यांचं म्हणणं. दौतरावांना रोज घरून बाटल्या आणायला लावून प्रत्येक जण स्वतः लिहून बघू लागला. महिन्याभरात सगळ्या ऑफिसाची बोटं रंगली, आणि कुलपं आता किल्ल्यांशिवायच काय, कधीकधी खोक्यांशिवायही जाऊ लागली.

समिती बसली त्याच संध्याकाळी दौतरावांनी घरी सगळं सांगितलं होतं.

"म्हणजे त्यांना एक पसंत पडली की तुमची नोकरी गेली?" बायकोनं विचारलं.

"गेलीच."

ती फळीवर परत आलेल्या बाटल्यांकडे बघत राहिली. त्या रविवारी मोरीत फक्त पाणी गेलं.

दौतराव कामाला लागले. साहेबांच्या कानात, "बाई तुमच्या राखाडीला रडकी म्हणतात." बाईंच्या कानात, "साहेब म्हणतात, निळी काय, शाळेतली पोरंही वापरतात." दिवस बरे चालले होते.

पण भांडूनही माणसं शेवटी दमतातच. एका संध्याकाळी तिघांनी मोरपंखीवर तडजोड केली. सकाळी शिक्का मारायचा ठरला. दौतराव तोंड पाडून घरी आले. बायकोनं ऐकून घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडली.

सकाळी तिनं जेवणाची पिशवी हातात दिली. "डब्याशेजारी बघा. दुकानदाराला म्हटलं, दोन माणसांचं कधी एकमत होणार नाही अशी द्या."

दौतराव पोचले तेव्हा बाईंनी शिक्का शाईच्या पॅडवर दाबलेला होता.

"एक राहिली होती, बाई," म्हणत त्यांनी पेन बुडवलं आणि मोरपंखीशेजारी तेच वाक्य दहाव्यांदा लिहिलं. खाली सही, तारीख.

खिडकीपाशी उभे असलेले साहेब वाकले. "वा! हा हिरवा काय सुरेख!"

"हिरवा कुठला?" टेबलापलीकडून बाई म्हणाल्या. "चांगला जांभळा आहे."

"बाई, चष्मा बदला."

"साहेब, तुम्ही जागा बदला!"

साहेबांनी जागा बदलली, बाईंनीही बदलली.

"आता तुम्ही जांभळा म्हणताय?"

"मग तुम्ही का हिरवा म्हणताय?"

हिशेबनिसांनी न राहवून त्यावर तळवा ठेवला आणि उचलून बघितला. तो तांबडा निघाला. शिक्का परत खणात गेला.

दौतराव जागेवर आले आणि त्यांनी एक खोकं किल्ल्यांसकट रवाना केलं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायकोनं मिठाची बरणी खालच्या फळीवर हलवली होती. वरच्या फळीवर आणखी चार बाटल्या सहज मावल्या असत्या.