गिअरच्या डोक्यावरचं लाल टोपडं

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे. बारा वर्षं एकाच ट्रकची चाकं धरून आहे. गोष्ट सुरू करण्याआधी एक कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी तोंडावर फेकायला नको. माझा स्वभाव हेवेखोर आहे, आणि माझा सगळा हेवा एकट्या गिअरच्या वाट्याला गेला.

कारखान्यात माझी फार वाखाणणी झाली होती. चाकाबरोबर फिरणारा चकचकीत ड्रम, आणि त्याला आतून घासून धरणारं जाडजूड लायनर. तपासनिसाने मला पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं आणि शेजारच्याला सांगितलं की याच्या भरवशावर डोळे मिटून बसावं. ते ऐकून मी जो फुगलो, तो फुगलोच.

ट्रकवर आलो तेव्हा गिअर आधीच येऊन बसला होता. ट्रकचा मालक आणि चालक एकच माणूस, सगळे त्यांना वस्ताद म्हणत. डोंगरापलीकडे फरशी पोचवायचा त्यांचा धंदा. पहिल्याच आठवड्यात वस्तादांच्या बायकोने गिअरच्या मुठीसाठी लाल लोकरीचं टोपडं विणलं. हाताला घाम येतो, मूठ निसटायला नको, म्हणून. रोज सकाळी वस्ताद ते टोपडं झटकायचे, खालचा दांडा फडक्याने पुसायचे. माझ्या पायपट्टीवर मात्र चिखलाचा बूट. त्याला हात आणि मला लाथ. आता तुम्हीच सांगा, पोटात दुखणार नाही?

घाटात तर माझा जीव जास्तच तडफडायचा. वस्तादांचा नियम होता की ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. तिसरा टाकून ते अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायचे. मग उतारावर पळणाऱ्या चाकांना इंजिनही फिरवावं लागायचं, आणि इंजिन काही सुखासुखी फिरत नाही. ते गुरगुरायचं, अडून बसायचं, आणि ट्रक आपोआप आवरला जायचा. मला अख्ख्या उतारात चार-पाच हलके दाब मिळायचे. मी मोजायचो ना. पायथ्याशी पोचलो की वस्ताद टोपड्यावर शाबासकीची थाप मारायचे. आवरणं हे काम माझं, आणि मान खायचा तो.

कुणीतरी लक्ष द्यावं म्हणून मी प्रत्येक चौकात करकरायला लागलो. वस्ताद म्हणायचे, याची कुरकुर जन्माची आहे. माझं कौतुक ते एवढंच.

पुढे क्लच दाबून दाबून वस्तादांचा गुडघा धरला. त्यांची लेक मोठ्या गाडीचं लायसन्स काढून वर्षभर वाट बघत होती. वस्तादांनी तिला सांगितलं की भरलेला ट्रक घाटातून नीट उतरवलास तर गाडी तुझी, नाहीतर विकून टाकू.

चढ ती छान चढली. माथ्यावर वस्तादांनी गुडघ्याची गोळी घेतली आणि त्यांचा डोळा लागला. उतार सुरू झाला तसं इंजिन गुरगुरू लागलं. लेकीला वाटलं, इंजिनाला त्रास होतोय, शिवाय बाबांची झोप मोडेल. तिने हळूच पाचवा टाकला. पाचव्यात इंजिन चाकांना फारसं अडवत नाही, म्हणून सगळं कसं शांत झालं, आणि तिचा पाय माझ्यावर आला.

काय सांगू मित्रांनो! पहिलं वळण माझं, दुसरं माझं, तिसरंही माझं. गिअर बापडा नुसता टोपडं घालून बसलेला. सहाव्या वळणापर्यंत माझे ड्रम असे तापले की पकड सुटू लागली. तेव्हाच मी करकरायला हवं होतं. पण एरवी चौकाचौकात ओरडणारा मी त्या दिवशी मूग गिळून बसलो. ओरडलो तर ती पुन्हा गिअरकडे जाईल, ही भीती. माझ्या हातून झालेलं सगळ्यात वाईट काम ते हेच.

केबिनमध्ये करपल्याचा वास शिरला. लेकीने पाय आणखी दाबला, तरी ट्रकचा वेग वाढतच चालला. समोर वळण होतं आणि वळणापलीकडे दरी.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये."

वस्ताद जागे झाले. त्यांनी आवाजही चढवला नाही. "असा अर्धवट नको दाबू. उभी राहून एकदाच दाब. वेग पडला की क्लच, थोडी रेस, आणि तिसरा टाक."

वेग पडल्याशिवाय खालचा गिअर बसत नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्यात एका दाबापुरतीच ताकद उरली होती, आणि ती मला गिअरसाठी खर्च करायची होती. लेक माझ्यावर उभी राहिली. होतं नव्हतं ते सगळं मी दिलं. धूर निघाला. वेग पडला. तिचा हात लाल टोपड्यावर गेला. एकदा नुसतं खर्रर्र झालं. दुसऱ्यांदा गिअर बसला. इंजिन गरजलं आणि वळण येईतो ट्रक आवरला.

"आता पाय उचल," वस्ताद म्हणाले. तो उचलणं तिला फार जड गेलं. मला मात्र तो सोडणं जड गेलं नाही.

पायथ्याशी चाकांना दगड लावून ते थांबले. लेक माझ्यावर ओतायला पाण्याचा कॅन घेऊन धावली, तेव्हा वस्तादांनी तिला अडवलं. तापल्या ड्रमवर पाणी पडलं तर तडा जातो, त्याला आपणहून निवू दे, असं समजावलं. ती रस्त्याकडेला बसली.

"विकून टाका गाडी," ती म्हणाली.

वस्ताद केबिनमध्ये चढले. गुडघा धरून कसेबसे वाकले आणि गिअर पुसायच्या फडक्याने त्यांनी माझी पायपट्टी पुसली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"याने आज वाचवलं," ते म्हणाले. "पुन्हा सगळा भार याच्या एकट्यावर टाकू नकोस. उद्या लायनर बदलू. परवा हाच घाट."

परवा ती तिसऱ्यात चढली आणि तिसऱ्यातच उतरली. इंजिन खुशाल गुरगुरलं. मला चार हलके दाब मिळाले. पायथ्याशी वस्ताद खाली उतरले, मी बसने येतो म्हणाले, आणि मागे न बघता चालू लागले. लेकीने डोळे पुसले आणि टोपड्यावर थाप मारली. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलंच. मग पुढचा रस्ता लेक, गिअर आणि मी, आम्ही तिघांनी मिळून केला.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही गाडी चालवाल. उतार आला की आधी गिअरला कामाला लावा आणि मला गरजेपुरतं हाक मारा. मी करकरलो तर कुरकुर समजू नका, मला तपासून घ्या. टोपडं त्यालाच घाला, माझं काही म्हणणं नाही. फक्त फडकं हातात असेलच, तर जाता जाता माझी पायपट्टीही पुसत जा.