चाळीस गोधड्यांचं तळघर

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात तर डुलकी लागेल, आणि ही गोष्ट डुलकीत ऐकायची नव्हे. गोष्ट आहे जमिनीखालच्या एका खोलीची आणि एका बाईनं भर कीर्तनात दिलेल्या शब्दाची. शेवटपर्यंत बसलात तर जाताना ऊब घेऊन जाल, एवढी खात्री आधीच देऊन ठेवतो.

भिवंडीजवळच्या वळ गावात कमळबाई राहायची. नवरा केसरीनाथ. त्याची भातशेती गोदामांखाली गेली, घरात बरकत आली, आणि मुलानं, मितेशनं, जुनं घर पाडून दुमजली बंगला उठवला. बंगल्याखाली तळघर खणलं. गाडी ठेवू, नाहीतर माल ठेवू, असा विचार. नेमका त्याच वर्षी, दोन हजार पाचच्या जुलैत, तो सगळ्यांना ठाऊक असलेला पाऊस झाला आणि तळघर छतापर्यंत भरलं. पाणी उतरलं तेव्हा आत ढोपरभर गाळ. मितेशनं शटर ओढलं, कुलूप ठोकलं. गावातले टवाळ विचारायचे, "काय केसरीनाथ, नव्या इहिरीला पानी कवरा हाय?" केसरीनाथ हसायचा आणि घरी येऊन अर्ध्या जेवणावरून उठायचा.

पुढच्या माघात गावचा सप्ता बसला. सात दिवस नामस्मरण, रोज कीर्तन, शेवटी काला. लांबलांबच्या गावांहून भजनी माणसं मुक्कामाला यायची. पूर्वी त्यांच्यासाठी शेतातला पेंढा हातभर अंथरायचे आणि वर जाजम टाकायचे; त्या मऊपणात थंडी विरून जायची. आता शेतंच नाहीत तर पेंढा कुठला? मांडव एका गोदामाच्या अंगणात पडला होता. खाली सिमेंट, वर पातळ गालिचे. पाचव्या दिवशी कीर्तनात मागच्या रांगेतला एक म्हातारा एवढा खोकला की बुवांनी वीणा थांबवली. म्हणाले, "मायबाप, देवाला तुम्ही मखमल नेसवलीत. त्याच्या माणसांना मात्र सिमेंटवर निजवलंत!"

कमळच्या छातीत ते वाक्य सुईसारखं रुतलं. ती बायकांच्या बाजूनं उठून उभी राहिली. पदर सावरला आणि म्हणाली, "बुवा, पुढच्या सप्त्याला येनाऱ्या माणसांना चाळीस गोधड्या मी देन. नेसूच्या लुगड्यांच्या, हातानं शिवलेल्या. काला फुटायच्या आत. घरी जाताना ज्यानं त्यानं आपली घेऊन जावी."

पुरुषांमध्ये हसू फुटलं. केसरीनाथ घरी येता येता म्हणाला, "गो, चाळीस म्हंजे किती ते कललं का तुला? हांथरशील कुठं? हॉलमधी सोफ्यावर?"

त्याचं खरं होतं. गोधडी शिवायची तर ती पसरायला जागा लागते, भोवती चार बायकांना मांडी घालून बसायला जागा लागते. जुन्या घरात ओटी होती, नव्या बंगल्यात हॉल होता. आणि हॉलमध्ये सोफा, काचेचं टेबल, माशांची पेटी. कमळनं घरभर फिरून पाहिलं आणि शेवटी जिना उतरून शटरसमोर उभी राहिली.

"आई, ते विसर," मितेश म्हणाला. "पाणी भरतं तिथे. आणि नाही भरलं, तर एक पार्टी आहे माझ्याकडे, खोक्यांचा माल ठेवणार म्हणते."

"खोक्यांना सांग, जरा दम धरा."

"असं कसं सांगू?"

"मंग मना सांग, चाळीस झाल्या तर?"

मितेशला आईचा स्वभाव माहीत होता. तो म्हणाला, "काला फुटायच्या आत चाळीस झाल्या तर तळघर कायमचं तुझं. मी शब्द काढणार नाही. एक जरी कमी पडली, तरी किल्ली माझ्याकडे."

"दिला हात," कमळ म्हणाली.

तो पावसाळा तिनं नुसतं पाणी अडवण्यात घालवला. केसरीनाथला उतारापाशी उभं केलं. "अवो, खाडीचं पानी अडवलंव तुमी, ह्यो एवढासा उतार?" शेत गेलं होतं, पण बांध घालायचा हात गेला नव्हता. त्यानं उताराच्या तोंडाशी दोन फुटी बांध घातला, बाजूनं गटार काढलं, आणि श्रावणभर छत्री घेऊन दिवसातून चारदा तिथे जाऊन उभा राहिला. पाणी आत गेलं नाही. "आता इहीर बोलून दाखवा," म्हणत तो नाक्यावर चहा प्यायला गेला.

दसऱ्याला गाळ निघाला. भिंतींना चुन्याचे दोन हात मारले. ओल आहे की गेली हे बघायला कमळनं परातीत मीठ पसरून ठेवलं. सकाळी मिठाला पाणी सुटलेलं. पंखा बसवला, दोन शेगड्या पेटवल्या, पुन्हा मीठ ठेवलं. नवव्या दिवशी मीठ कोरडं राहिलं. खाली गारठा लागू नये म्हणून सुनेनं, विनितानं, तोड काढली: गोदामांत माल ठेवायची लाकडी पॅलेटं मोडीत निघतात, ती आणून सलग मांडली, वर प्लायवूड, वर चटया. दिव्याच्या सहा नळ्या लावल्या. छताला बांबू टांगून त्यावर लुगडी लटकवली. कोपऱ्यात विठोबाची तसबीर, तिच्याखाली टेपरेकॉर्डर आणि कीर्तनांच्या कॅसेटी. दिवाळी झाल्यावर बायका जमल्या, आणि खोली बोलायला लागली.

"कमळवयनी, यो निळा पातळ कोनाचा?"

"सासूबायचा."

"म्हनून सुई जात न्हाय! जिती असताना पन तिच्यात काय जात नव्हता."

हसता हसता टाके चुकायचे, ते उसवून पुन्हा घालायचे. चार चार बायकांचे चार गट पडले.

अडचण एकच आली. वरच्या थरांना लुगडी होती, पण खालच्या अस्तराला धड जुनं कापड पुरेना. नारपोलीत कमळच्या मावसभावाचे माग होते. त्यानं कोऱ्या सुती कापडाचे तागे पाठवले, सरळ लूमवरून उतरलेले, खळीनं कडक. मागांच्या गावातल्या बायका त्या. कापड हातात आलं की सूत किती जाड ते सांगायच्या. "कवरा दाट हाय बघ! इस वर्सं फाटायचा न्हाय." तसंच्या तसं कापून त्यांनी ते अस्तराला लावलं.

समोरच्या गोदामात ठमाबाई खोकी उतरवायची. हमरस्त्यापासून आतल्या बाजूच्या गावातली बाई, वयानं कमळएवढीच, हातांना घट्टे. एका दुपारी प्यायला पाणी मागायला खाली आली. गोधडीचा कोपरा तिनं दोन बोटांत चोळला.

"बाय, यो कापड भिजवलाव का?"

"कोरा हाय तो, घान न्हाय," एक जण म्हणाली.

"घानीचा न्हाय बोलत. आटंल म्हनते."

"आगो, आमच्या गावात माग हायेत! तू आमाला कापर शिकवतंस?"

बायका हसल्या. कमळही हसली. ठमाबाईनं पाणी प्यायलं, तांब्या पालथा घातला आणि ड्युटीवर परत गेली.

पौष संपत आला तेव्हा बावीस गोधड्या घडी करून ठेवलेल्या होत्या. त्यातल्या एकीवर विनिताच्या हातून चहा सांडला. तिनं ती धुऊन गच्चीवर वाळत घातली. दुपारी तिची हाक आली, "आई! वर या, लवकर या!"

गोधडी दोरीवर पापडासारखी वळून बसली होती. अस्तर वीतभर आटलं होतं, वरची जुनी लुगडी होती तेवढीच राहिली होती, आणि मध्ये फुगेच फुगे. चारी कोपरे आत वळलेले. माग चालवणाऱ्या गावाला कापड विणायचं ठाऊक होतं. ते तिथून धुलाईला जातं आणि तिथे आटतं, हे कुणी आपल्या अंगणात पाहिलंच नव्हतं.

कमळनं ती गोधडी उतरवली आणि मांडीवर घेऊन बसली. सप्त्याला एकोणीस दिवस होते.

संध्याकाळी मितेश शेजारी येऊन बसला. त्यालाही वाईट वाटलं होतं. हळूच म्हणाला, "आई, एक सांगू? एकवीस तर धुतल्या नाहीत ना? सप्त्यात कोण गोधडी धुतंय? दिसायला छान आहेत. उरलेल्या नीट कर. शब्द पुरा होईल, खोलीही तुझी. मी काही बोलणार नाही."

बघा, किती सोपं होतं! कमळनं क्षणभर त्या घड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो खोकनारा म्हातारा घरी नेऊन धुवंल तेवा काय बोलंल रं? देवाच्या दारात फसवलान बोलंल. आपल्याला न्हाय बोलायचा तो, सप्त्याला बोलंल."

"मग?"

"मंग उसवायच्या."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गोदामाची ड्युटी सुरू व्हायच्या आधी, ती गोदामाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. ठमाबाई आली तशी कमळनं चारचौघांत तिच्यापुढे हात जोडले.

"ठमाबाय, तू बोललीस ता खरा झाला. मी हसले तुला. आता तूच सांग, कसा करू?"

ठमाबाईनं आजूबाजूला बघितलं. हात जोडून घ्यायची तिला सवय नव्हती. "पयले हात खाली कर गो बाय, मुकादम बघतोय," ती म्हणाली. मग म्हणाली, "उसवताना दोरा तोरू नको. एका टोकाशी धरून आख्खा ओढून काढ, परत चालतंय. कापर रातभर भिजव, सकाळी धोपटून खळ काढ, उन्हात ताठ सुकव. शिवताना मधून सुरू नको करू. चारी बाजूंनी चौघींनी बसायचा, कडेशी सुरू करून फेऱ्या घालत मधी यायचा. फुगा व्हत न्हाय आन हात थांबत न्हाय. आमी तसाच शिवतो."

"तू येशील?"

"ड्युटी सुटली की येन."

ती रोज आली. दिवसभर खोकी वाहिलेल्या हातांनी रोज दोन तास. आठवड्याभरानं आपल्या गावच्या सहा बायकाही घेऊन आली. गच्चीवर कापडांचे पट्टे वाळत होते, अंगणात केसरीनाथ धोपटण्यानं खळ काढत होता. नाक्यावरच्या कुणी तरी हटकलं, "काय, धोबी झालास?" तो म्हणाला, "देवाचा! ये, तुलाबी एक धोपटना देतो." खाली चार गटांचे सहा गट झाले. टेपवर कीर्तन चालायचं आणि टाळांच्या ठेक्याला टाके पडायचे. विनिता सुया ओवून गादीवर खोचून ठेवायची, म्हणजे कुणी ओवायला थांबायला नको. दोन बायकांना ताप आला, एकीची मुलगी बाळंत झाली. उरलेल्या दाटीनं बसल्या.

काल्याचा दिवस उजाडला तेव्हा सदतीस झाल्या होत्या.

"तीन," विनिता म्हणाली.

"उचला," कमळ म्हणाली. "मांडवात बसून शिवू. कान तर मोकले हायेत."

बारा बायका तीन गोधड्या घेऊन मांडवात कडेला बसल्या. सदतीस गोधड्या मुक्कामाच्या माणसांच्या हातात पहाटेच पोचल्या होत्या; गारठ्यात ती माणसं त्या पांघरूनच कीर्तनाला बसली होती. बुवा काल्याचं कीर्तन सांगत होते, गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्याचं. एकीकडे टाळ, एकीकडे सुया. अडतिसावी झाली. एकोणचाळिसावी झाली. शेवटच्या गोधडीभोवती सगळ्या बारा जणी लोटल्या. फेऱ्या आत आत येत होत्या. हंडीखाली पोरं जमली. बुवांनी बायकांकडे पाहिलं आणि नामाचा गजर आणखी एकदा वर नेला, मग आणखी एकदा. पण काला काही कुणासाठी किती थांबणार? हंडी फुटली. दही-लाह्या मांडवभर उडाल्या.

मधला हातभर चौकोन शिवायचा राहिला होता.

कमळनं सुई गोधडीत खोचली आणि उभी राहिली. "बुवा, चाळीस बोलले होते. एकोनचाळीस झाल्या. एक राह्यली. माफी करा."

बुवांनी गळ्यातला हार काढून तिच्या हातात दिला. पण ती तिथे फार वेळ थांबली नाही. घरी गेली, कनवटीची किल्ली सोडली आणि मितेशच्या पुढ्यात धरली. "घे. ठरला होता तसा."

मितेशनं किल्ली घेतली आणि खाली तळघरात गेला. वर केसरीनाथ उगाच खांबाला हात लावून उभा राहिला. बऱ्याच वेळानं मितेश वर आला.

"आई, खाली दारापाशी बायकांच्या चपला कुठे काढतात?"

"कुठं काढनार? पायरीवं."

"पावसात भिजतील. आतल्या भिंतीला फळ्या मारायला हव्यात. सुताराला उद्या बोलावलंय." त्यानं किल्ली तिच्या मांडीवर ठेवली. "आणि पार्टीला फोन केला. जागा नाही म्हणालो."

"एक कमी पडली रं," कमळ म्हणाली.

"उसवून एकवीस जास्त शिवल्यास ना," तो म्हणाला आणि मांडव सोडवायला निघून गेला.

ती खोली पुढे कधी बंद झाली नाही. दर सप्त्याला तिथून गोधड्या जातात.

आता एक मागणं. काल्याच्या त्या दिवशी बुवांनी कमळबाईचं नाव घेतलं, केसरीनाथाचं घेतलं, कापड देणाऱ्या मावसभावाचंही घेतलं. ठमाबाईचं नाव घ्यायला ती मांडवात नव्हतीच. त्या दिवशी तिची ड्युटी होती; ती समोरच्या गोदामात खोकी उतरवत होती, आणि गजर ऐकून तिनं तिथूनच हात जोडले असतील, एवढंच. तेव्हा आज रात्री पांघरूण अंगावर ओढाल, तेव्हा देवाच्या नावामागोमाग तिचंही नाव घ्या. ठमाबाई. तेवढी आठवण ठेवा तिची.